तिसऱ्या ओळीवर

गोदूबाई रिकाम्या बारदानांची चळत डोक्यावर घेऊन सिंधी निर्वासितांच्या कॅम्पातून परत येत होती. वैशाखाचं ऊन, घसा कोरडा पडलेला, आणि सगुणाच्या माठातलं पाणी तिला अख्ख्या अंबरनाथात सगळ्यांत गार वाटायचं, म्हणून ती हमरस्ता सोडून सगुणाच्या परसाकडे वळली. कुडाशी पोचली आणि तिथंच तिचे पाय थबकले. आतून धवला ऐकू येत होता. एक ओळ सगुणाची, सुपारी कातरल्यासारखी स्वच्छ. मग तीच ओळ दुसऱ्या कुणीतरी उचललेली. पुन्हा सगुणा, पुन्हा ती दुसरी. दुसरा गळा कोवळा होता, थोडा नाकातून येणारा. गोदूनं तो लगेच ओळखला. कमळाबाईची थोरली, चंद्री. गेल्या वर्षी लग्न होऊन बदलापूरकडे गेलेली, आता धाकट्या बहिणीच्या लग्नाला माहेरी आलेली. तिच्या लग्नात हळदीचे धवले सगुणानं आणि गोदूनंच म्हटले होते. तेव्हा हीच पोरगी मान खाली घालून रडत बसली होती, आणि आता सगुणाच्या पडवीत बसून ओळ उचलत होती. गोदू आणखी थांबली नाही. दोन ओळी ऐकल्या आणि फिरली. तिसरीपर्यंत थांबण्याचं बळ तिच्या अंगात नव्हतं. पाण्याची तर आठवणसुद्धा राहिली नाही.

धवला म्हणजे काय हे आगऱ्यांच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. लग्नातली ही गाणी म्हणणारी धवलारीण आल्याशिवाय नवरीच्या अंगाला हळद लागत नाही. भटजी चार घटका उशिरा आला तरी चालतो. धवला दोघींनी म्हणायचा असतो. पुढची ओळ काढते, मागची ती उचलते, आणि मागचीनं उचलली म्हणजेच ती ओळ देवाला पोचली असं जुन्या बायका मानत. सगुणा पुढची. गोदू मागची. हे कुणी ठरवलं नव्हतं. दोघी परकरात होत्या तेव्हा गोदूला डांग्या खोकला झाला, त्यात ती मरता मरता वाचली, आणि पुढं जन्मभर तिचा दम असा राहिला की दोन ओळी सरळ जायच्या आणि तिसरीच्या मध्यावर आत काहीतरी अडायचं. तिला एक घोट श्वास घ्यावा लागायचा, तो घेतल्याशिवाय ओळ पुढं सरकायची नाही. पुढची होणं तिच्या नशिबात नव्हतंच. पण सगुणानं पहिल्याच दिवशी ते हेरलं आणि काही न बोलता तिसऱ्या ओळीवर थांबायला लागली. अगदी तेवढंच थांबायची, गोदूचा घोट भरेपर्यंत. पुढं पुढं लोकांना वाटायला लागलं की ती धवल्याचीच रीत आहे. 'काय गो थांबनं हाय,' असं म्हणून पाहुण्या बायका मान डोलवायच्या. तेव्हा दोघी एकमेकींकडे बघायच्या नाहीत. बघितलं असतं तर हसू फुटलं असतं. त्या थांबण्यात काय आहे हे सगळ्या जगात दोघींनाच ठाऊक होतं, आणि गोदूची सगळी श्रीमंती म्हणाल तर तेवढीच होती.

घरी आली तर सगळीकडे पसारा. तिच्या नवऱ्याचा, भगवंताचा, चुलता माघात वारला, मूलबाळ काही नव्हतं, त्यामुळं खरवईतलं घर आणि घरापाठची भाताची शेतं यांच्याकडे आली होती. पेरणीच्या आत तिथं जाऊन राहायचं, भगवंतानं तिथून काडेपेटीच्या कारखान्यात ये-जा करायची, असं ठरलं होतं. खरवई काही लंकेत नव्हती. बदलापूर म्हणजे पुढचंच स्टेशन, तिथून थोडी पायवाट. पण शेत अंगावर पडलं की बाईला गावाची वेस ओलांडायला सवड कुठली, हे गोदूला पुरतं कळत होतं. जातं, उखळ, पितळी हंडे, लोणच्याच्या बरण्या, गोधड्या, कोंबड्यांचा झाप. एकेक वस्तू जागची हलवली की खालून वर्षांची धूळ निघायची आणि ती झाडता झाडता दुपार संपायची. त्या दिवशी ती बारदान घेऊन बरण्यांपाशी बसली. हासोमल दुकानदारानं तिला सकाळी सांगितलं होतं, 'बाई, टूटनेवाला सामान आखिर में बांधना, और पहले खोलना.' मग सुतळीचं बंडल पुढं सरकवत म्हणाला होता, 'हमको तो सिंध से बांधने का टाइम ही नहीं मिला.' तेव्हा तिला त्याची कीव आली होती. आता तिच्या मनात आलं, बांधायला वेळ मिळाला नाही ते एका परीनं बरंच झालं असेल. आपण निघायच्या आधी आपल्या जागी कोण बसलं हे तरी त्याला बघावं लागलं नाही.

कारण जागीच बसवलं होतं. नुसतं शिकवणं असतं तर गोष्ट वेगळी. गोदूनं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं: सगुणा ओळ काढते, ती पोर उचलते. मागची काय करते? हेच करते. आपण अजून उंबऱ्याच्या बाहेर पाऊल टाकलेलं नाही आणि आपला पाट दुसरीला दिलासुद्धा. तिनं बरणी इतक्या जोरानं बारदानात गुंडाळली की कैरीचं तेल तोंडाच्या फडक्यातून बाहेर आलं. सगुणाचा स्वभावच तो. कुणाशिवाय अडून राहायची नाही. लहानपणी खेळताना गोदूला घरी हाक आली की सगुणा तिथल्या तिथं दुसरी गडी घ्यायची. आणि लोक तरी काय, सगुणाबाई धवलारीण म्हणायचे, नुसतं. गोदूचं नाव घ्यायची वेळ आली की 'आनि तिच्यासंगं ती' एवढंच. हळदीच्या मांडवात पहिला खण सगुणाला, मग गोदूला. खुद्द भगवंतानं लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी, जेवता जेवता, 'सगुणाचा गला म्हंजे नुसता मध,' म्हटलं होतं आणि गोदूनं त्याला त्या दिवशी दुसऱ्यांदा आमटी वाढली नव्हती. पण खरं सांगायचं तर सगुणा पुढं आहे याचं तिला कधीच वाईट वाटलं नाही. सगुणा पुढं असली म्हणजे सगुणाच्या मागं आपण, हे उघडच होतं. जळायची ती दुसऱ्या कुणाच्या त्या जागेजवळ येण्यानं. एकदा वडवलीची एक बाई हौसेनं तिसरी म्हणून बसली होती, तिच्या पदराला गोदूनं मुद्दाम हळदीचा हात लावला होता. बाई पदर धुवायला उठली ती परत आलीच नाही. ते आठवून आताही तिला जरा बरं वाटलं.

आणि मग तिला हेही आठवलं, जे आठवायची तिची इच्छा नव्हती. होळी झाल्यापासून सगुणा येत होती. दुपारी कामं उरकली की यायची, दारात उभी राहायची आणि विचारायची, 'बसतेस का गो?' बसणं म्हणजे जुनी चटई टाकून दोघींनी एखादा धवला सुरुवातीपासून शेवटापर्यंत म्हणणं. लग्नसराई असो नसो, त्या नेहमीच बसत आल्या होत्या, कधी भात कांडताना, कधी नुसत्याच. आणि गोदू प्रत्येक वेळी म्हणाली होती, 'वेल कुठं हाय गो, बघतेस ना पसारा?' ते खोटं नव्हतं. पण सगळं खरंही नव्हतं. सगुणा समोर आली की खरवईची कल्पनाच तिला सोसायची नाही, आणि चटई टाकून बसलं तर तिसऱ्या ओळीवर घोट घेताना रडू फुटेल अशी धास्ती वाटायची. त्यापेक्षा गोणी शिवलेली बरी. सगुणा थोडा वेळ उभी राहायची, मग 'बरं, उद्या येते,' म्हणून जायची. एकदा गोदू बोळक्यातली जुनी मोहरी निवडत होती तेव्हा सगुणा म्हणाली होती, 'एक सांगायचं होतं.' गोदूनं मान वर न करता म्हटलं होतं, 'मंग सांग. माजे कान काय गोनीत बांधले नाय.' सगुणा म्हणाली, 'असं नाय सांगता येत.' आणि गेली. काय सांगायचं होतं ते आता गोदूला चांगलंच कळलं. माझी सोय मी केली, असंच सांगायचं होतं. तोंड उघडायला लाज वाटली असेल.

दुसऱ्या दिवशी सगुणा आली तेव्हा गोदू उंबऱ्यावर बसून कोंबड्यांचा झाप काथ्यानं आवळत होती. भगवंत पाठीमागं जात्याची तळी उचलता येते का बघत होता. सगुणा उभ्या उभ्या म्हणाली, 'परवा कमलाबाईकडे हलद हाय. तुमची गाडी त्याचे दुसरे दिसीं. म्हंजे जमतं.'

'काय जमतं?'

'म्हंजे आपुन दोघी म्हनू. शेवटची पाली.'

शेवटची पाळी, असं तिनं किती सहज म्हटलं, हेच गोदूला झोंबलं. तिनं काथ्याची गाठ दातानं ओढली. 'मना वेल नाय,' ती म्हणाली. 'घर बांधायचं हाय, पाटा-वरवंटा पडलाय, हांडे पडलेत. तुला काय, तुजे मागं आता पुष्कल हायेत उचलायला.'

सगुणा भांडली असती तर गोदूला हवं होतं. चार शब्द उलट ऐकले असते, चार सुनावले असते, चंद्रीचं नाव तोंडावर फेकलं असतं, आणि मग कदाचित रडून मोकळी झाली असती. पण सगुणा नेहमीसारखी, कुणी नीट उचललं नाही तर ओळ तिथंच सोडून देणारी. 'बग,' ती म्हणाली, 'मी जागा ठेवते.' एवढं बोलून ती गेली. पाठीमागून भगवंत म्हणाला, 'आगो, एक सांजेनं काय आपला घर पलून जानार नाय. जा की.' तिनं त्याच्याकडे असं बघितलं की तो परत जात्याकडे वळला.

हळदीच्या दिवशी तिनं सकाळपासून जे काम काढलं ते बघून शेजारच्या बायका चकित झाल्या. जे न्यायचं नव्हतं तेसुद्धा तिनं बांधलं: फुटकी परात, भोक पडलेलं सूप, चुलीपाशी पडलेले दोन दगड. सांजेला कमळाबाईच्या घराकडून ताशा वाजला. बायकांचा गलका वाऱ्यावर यायचा आणि जायचा. धवला ऐकू येण्याइतकं ते घर जवळ नव्हतं, तरी तिचे कान तिकडेच लागलेले. म्हणून तिनं उखळ ओढून पुढं घेतलं आणि उगाच मूठभर तांदूळ टाकून कांडायला लागली. मुसळाच्या घावागणिक तिला दिसत होतं: उंबराच्या डहाळीखाली चटई, डावीकडे सगुणा, उजवीकडे ती कोवळी पोर, अंगावर लग्नातलंच हिरवं लुगडं, आणि बायका कौतुकानं म्हणतायत, बघा, कसा गळा जुळला. तिसऱ्या ओळीवर आता थांबायचं कारणच नाही. चंद्रीचा दम काय, घोड्याचा. सगुणा सरळ पुढं निघून जात असेल, आणि तिलाही कदाचित मोकळं वाटत असेल, इतकी वर्षं कुणाच्या तरी खोकल्यासाठी थांबून राहिल्यानंतर. हा विचार तिच्या मनात पहिल्यांदाच आला होता. तांदळाचा भुगा झाला तरी ती कांडत होती. 'काय, पीठ करतेस का?' भगवंतानं विचारलं, तेव्हा ती थांबली. हाताला फोड आला होता.

दुसऱ्या दिवशी दोन बैलगाड्या भरल्या. शेजारणी आल्या, कुंकू लागलं, नारळ झाला. सगुणा सगळ्यांच्या मागून आली. काखेत आणलेली चटईची गुंडाळी तिनं पुढच्या गाडीत गोधड्यांवर ठेवली. ती चटई गोदूच्या आईची. पण कित्येक वर्षं ती सगुणाच्या पडवीतच असायची, बसायचं झालं की तिथूनच यायची. म्हणजे हिशेब पुरा केला, गोदूच्या मनात आलं. माझं मला परत. तिनं मान वळवली आणि बैलांकडे बघत राहिली, जणू बैल चालवायचे तिलाच होते. गाडी हलली तेव्हा मागून कुणीतरी 'सांभालून गो' म्हटलं. तो गळा कुणाचा हे कळूनही तिनं वळून बघितलं नाही. बदलापूर येईपर्यंत मान ताठ धरल्यामुळं तिची मान पुढं आठवडाभर दुखत राहिली.

खरवईतलं घर मोठं होतं, कौलं शाकारलेली होती, पुढं अंगण, मागं विहीर. भगवंत खूश. गोदू बांधलेलं सोडत होती आणि प्रत्येक गोणीतून तिला काही तरी भलतंच सापडत होतं. चुलीचे ते दोन दगड बघून भगवंत हसला, मग तिचं तोंड बघून गप्प झाला. बरण्या तिनं हासोमलनं सांगितल्याप्रमाणे आधी सोडल्या. एकही फुटली नव्हती. चटई मात्र तशीच गुंडाळलेली भिंतीला टेकवून ठेवली. झाडताना ती तेवढी जागा सोडून झाडायची. काम करता करता मध्येच थांबून ती हिशेब करायची, आज अमक्याकडे मांडव, आज तमक्याकडे हळद, आज त्या दोघी बसल्या असतील. ज्येष्ठ लागला, लग्नं सरली, तरी तिच्या डोक्यात त्या दोघी बसलेल्याच. तिकडे काय चाललंय हे कळायला मार्ग नव्हता, आणि न कळल्यामुळं तिच्या मनात सगळं फार बारीक दिसायचं. सगुणा चंद्रीला आपल्या माठातलं पाणी देतेय, इथपर्यंत.

अशाच एका दुपारी अंगणात कुणीतरी येऊन उभं राहिलं. हिरवं लुगडं, हातात झाकण टाकलेली टोपली. चंद्री. गोदूला क्षणभर वाटलं, आपल्याच मनातून ही बाहेर आली. मग ध्यानात आलं. ही बदलापूरकडे दिलेली. हिच्या नवऱ्याच्या गावाचं नाव आपणच हिच्या हळदीत धवल्यात गुंफलं होतं. खरवई. पलीकडच्या आळीतलं घर. ठाऊक होतं की हे सगळं. पण ज्या दिवसापासून तिनं कुडाबाहेर त्या दोन ओळी ऐकल्या, त्या दिवसापासून तिच्या मनात चंद्री सगुणाच्या पडवीतून उठलीच नव्हती. मत्सरानं माणसाचं असंच होतं. ठाऊक असलेलंही दिसेनासं होतं.

'मावशे, बहिनीचं लगीन झालं तवाच सासरी आयली,' चंद्री म्हणाली. 'येनार येनार म्हनत होते, पन घरातनं निघायला मिलत नवतं. सगुनामावशीनं बजावलंय, काय झालं तरी तिच्याकडं जाऊन बसायचं. शेतीचे दिवसांत पन. एक धवला तरी.'

'मना वेल नाय,' गोदू म्हणाली. ते शब्द तिच्या तोंडात आता आपोआप यायचे.

'ती बोलली, असंच बोलशील,' चंद्री म्हणाली, आणि तिनं भिंतीशी ठेवलेली चटई उचलून पडवीत पसरली. ती डाव्या अंगाला बसली. पुढचीच्या जागेवर. 'इकडं नाय, तिकडं,' असं गोदूच्या ओठांवर आलं. मागची उजवीकडं बसते एवढंही हिला शिकवलं नाही का? पण ती उभीच राहिली, आणि चंद्रीनं डोळे मिटून ओळ काढली. *कुनी मांडली गो हलदीची वाटी.* सगुणाचीच लकब. गोदूनं उचलली नाही. चंद्री तेवढा वेळ गप्प राहिली, जणू कुणी उचलतंय, आणि मग दुसरी काढली. *कोनाचे दारीं हलद वाटी.* पुन्हा गप्प. मग तिसरी सुरू केली, आणि अर्ध्यावर थांबली. विसरली म्हणून नव्हे. डोळे मिटलेले, चेहरा शांत, आणि नेमकी तेवढीच थांबली, एक घोट भरेपर्यंत. मग ओळ पुरी केली.

गोदू खांबाशीच खाली बसली.

'हे कोनी शिकवलं तुला? हे थांबनं?'

'रीतच हाय ना ती,' चंद्री म्हणाली. 'मावशी बोलली, पुढचीनं तिसऱ्या ओलीवर थांबायचं. नाय थांबली तर मागचीचा जीव जातो. त्यावरच सगले दिवस घालवले तिनं. ती म्हनायची, मी तसंच म्हनायची. चुकले तर पुन्ना.' मग थोडी लाजून म्हणाली, 'मना पुढचीचं शिकवलं. तुजे मागं म्हनायला नाय. तुजे पुढं म्हनायला.'

शिकणारीही ओळ उचलतेच. ती दुसरं काय करणार? कुडाबाहेर उभ्या राहिलेल्या बाईला ती मागची वाटली, आणि तिसऱ्या ओळीपर्यंत ती बाई थांबली असती तर कळलं असतं. सगुणानं गोदूच्या जागी कुणाला बसवलं नव्हतं. तिनं गोदूपुढची स्वतःची जागा उचलून, एका पोरीच्या गळ्यात घालून, खरवईला पाठवली होती. गोदूला वेळ नव्हता तेवढ्या सगळ्या दुपारी तिनं त्यात घातल्या होत्या. आणि हे असं नाय सांगता येत.

गोदूनं विचारलं, 'तुजे बहिनीचे हलदीला मागं कोन बसली?'

'कोनी नाय. मी बोलली, मी बसते. ती बोलली, नको, ती जागा ठेवलीय. एकलीच म्हनत होती. ओल काढायची आनि गप. मंग दुसरी काढायची.' चंद्री चटईच्या सुटलेल्या काडीशी चाळा करत होती. 'तिसऱ्या ओलीवर थांबली तर लई वेल थांबली. बायका हसायला लागल्या. म्हातारी विसरली म्हनाल्या. मना पन तसंच वाटलं. ती दाराकडं बघत होती.'

गोदूच्या डोळ्यांपुढं तो मांडव आला, ती डहाळी, ती रिकामी उजवी बाजू, आणि आपण तेव्हा इकडे मूठभर तांदळाचं पीठ करत होतो ते. तिला सगुणाकडे धावत जावंसं वाटलं, आणि पेरणी तोंडावर असताना आज जाता येणार नाही हेही कळलं. आणि इतकं सगळं कळूनही, तिला स्वतःचीच लाज वाटावी असं, तिच्या मनात पुन्हा तोच जुना मत्सर उठला. दाराकडं बघत थांबलेली सगुणा या पोरीनं बघितली होती. तिनं नाही.

ती उठली, चंद्रीच्या उजव्या अंगाला चटईवर बसली आणि पदर सावरला.

'म्हन,' ती म्हणाली. 'पयल्यापास्नं म्हन.'